खाचरात उतरलेली गाडी

पावसाळ्यात ऑफरोडिंगच्या ट्रिपा नेणं हा माझा अकरा वर्षांचा धंदा. लोक आपापल्या फोर बाय फोर गाड्या घेऊन येतात. वाट मी ठरवतो, पुढे मी राहतो आणि अडकलेली गाडीही मीच काढतो. गाड्या अडकतातच, त्याचं काही वाटत नाही. पण गेल्या आषाढातला एक रविवार मात्र डोक्यातून जात नाही.

कान्हे फाट्यावरून टाकवे, तिथून आत आंदर मावळ. माझी धरून सात गाड्या. डांबर सोडायच्या आधी सगळ्यांच्या टायरची हवा १८-२० पीएसआयवर आणली. हवा उतरवली की टायर पसरतो आणि चिखलावर पाय रुंद पडतो. वॉकीटॉकी वाटले, फोर-लो, म्हणजे चारही चाकांना जोर देणारा हळू गिअर, टाकायला लावला आणि शेतांमधल्या पाणंदीत शिरलो.

ही पाणंद मी बुधवारी पायी चालून पाहिली होती. दर दहा पावलांवर काठी खुपसून. चार बोटं चिखल, खाली कडक मुरूम. शनिवारी रात्री पाऊसही बेताचाच झाला. मी निर्धास्त होतो.

पण बुधवारी वरच्या अंगाची भातखाचरं रिकामी होती. शुक्रवार-शनिवारात तिथे पाण्यात नांगरून चिखलणी झाली आणि लावणीसाठी पाणी बांधलं गेलं. खाचरात बांधलेलं पाणी बांधाच्या पोटातून झिरपत राहतं आणि खालच्या वाटेत उतरतं. वाट वरून होती तशीच दिसते, आतून लोणी झालेली असते. पावसाचे आकडे मी रोज बघत होतो. लावणी कुठवर आलीय, एवढं गावात एका माणसाला विचारायला हवं होतं, ते विचारलं नाही. चूक तिथे झाली आणि ती माझी होती.

माझी गाडी गेली, दुसरी गेली. तिसऱ्या गाडीची चाकं चाकोरीत खोल बसली. चालवणाऱ्यानं घाबरून स्टिअरिंग डावीकडे पूर्ण फिरवलं आणि रेस वाढवली. खोल चाकोरीत स्टिअरिंग कितीही फिरवलं तरी गाडी सरळच जात राहते. चाकोरीची कड जिथे ढासळते तिथे वळलेल्या चाकाला एकदम पकड मिळते आणि गाडी बाजूला झेपावते. तसंच झालं. डावी दोन्ही चाकं खालच्या खाचरात उतरली. खाचराचा तो कोपरा निमुळता होता, त्यामुळे पुढचं चाक थेट पलीकडच्या बांधात घुसलं आणि बांधाला हातभर खिंडार पडलं. आतल्या दोघांना खरचटलंसुद्धा नाही. मी वॉकीटॉकीवर सगळ्यांना जागच्या जागी थांबायला सांगितलं आणि धावत मागे आलो.

खाचराच्या दुसऱ्या टोकाला तिघं जण लावणी करत होते. त्यातल्या एक मावशी, डोक्यावर खताच्या गोणीची खोळ, गुडघाभर चिखलातून पळत आल्या. त्यांनी गाडीकडे बघितलंही नाही.

"आधी बांध धरा! पानी चाललंय सगळं. खाली कालच लावलंय!"

खिंडारातून पाण्याचा लोट खालच्या खाचरात पडत होता आणि आदल्या दिवशी लावलेली रोपं उपटून पाण्यावर तरंगायला लागली होती. रोपानं मूळ धरायला काही दिवस तरी लागतात, तोवर ती नुसती चिखलात उभी असतात. मी विंचचा, म्हणजे गाडीवरच्या दोर ओढणाऱ्या यंत्राचा, रिमोट खिशात घातला आणि फावडं घेतलं. चाक बांधातच रुतलेलं, मग खिंडार बुजवणार कसं? ते मावशींनी दाखवलं. चाकाच्या बाहेरून अर्धगोल नवा बांध घालायचा. तळाला दगड, त्यावर चिखलानं भरलेल्या दोन गोण्या, वरून गवतासकट काढलेली ढेपळं, आणि प्रत्येक थरावर पाय देऊन दाबायचं. गाड्यांतली सगळी माणसं उतरली. वीस-पंचवीस मिनिटांत पाणी थांबलं.

वर येऊन बघतो तर एकानं मदत म्हणून अडकलेल्या गाडीच्या मागच्या टो बॉलला पट्टा अडकवलाय आणि दुसरं टोक आपल्या गाडीला बांधतोय. मी त्याच्यावर जोरात ओरडलो. तो गोळा ट्रेलर ओढण्यापुरता असतो. रुतलेल्या गाडीला हिसका देताना तो तुटला तर ताणलेला पट्टा त्याला गलोलीतल्या दगडासारखा फेकतो. अशानं माणसं मेलेली आहेत. पट्टा नेहमी चासीच्या, म्हणजे गाडीच्या सांगाड्याच्या, हुकलाच, शॅकल म्हणजे लोखंडी कडी लावून. सकाळी हे सांगितलं होतं, पण गडबडीत माणूस विसरतो.

गाडी काढायचा सोपा मार्ग समोर होता. खाचरातूनच पुढे ओढून खालच्या टोकाला वाटेवर घ्यायची. दहा मिनिटांचं काम. पण मध्ये वीस-पंचवीस फूट लावलेलं भात. मावशी काही बोलल्या नाहीत, नुसत्या बघत होत्या. आलो तसंच वर काढायचं ठरवलं.

वरच्या अंगाला जांभळाचं झाड होतं. त्याला रुंद पट्टा बांधून कप्पी अडकवली. पण विंचचा दोर झाडाच्या कप्पीतून फिरवून अडकलेल्या गाडीला लावला तर नुसती दिशा बदलते, जोर वाढत नाही. म्हणून माझी गाडी झाडाला बांधून घेतली, कप्पी तिथून काढून अडकलेल्या गाडीच्या हुकला लावली आणि दोराचं टोक झाडाच्या पट्ट्याला. आता ओढ दुप्पट, वेग निम्मा. चाकं आसापर्यंत रुतली की गाडीच्या वजनाइतकी ओढ लागतेच, वर चढ आणि चिखलाचं चोखणं वेगळं. दोरावर ओलं घोंगडं टाकलं, सगळ्यांना दोराच्या लांबीपेक्षा लांब उभं केलं. वीतभर ओढायचं, थांबायचं, चाकाखाली दगड सारायचे, पुढचा चिखल उपसायचा, पुन्हा वीतभर. सव्वादोन तास लागले. मागचं चाक शेवटी सुटलं तेव्हा चिखलानं 'चप्प' असा आवाज केला आणि त्या खड्ड्यात चहुबाजूंनी पाणी भरलं.

पुढची पाच किलोमीटर रद्द केली. दोघांनी कुरकुर केली, पैसे भरले होते म्हणाले. त्यांचे पैसे परत दिले.

मावशींपुढे नुकसानीचा विषय काढला. "पैशाचं नंतर बघू. रोप कुठनं आणायचं? मोजूनमापून टाकलंय." खरंच होतं. इंद्रायणी होती ती, वडगाव मावळच्या भात संशोधन केंद्रातून १९८७ साली आलेलं वाण. दाढ, म्हणजे रोपवाटिका, टाकायची वेळ जूनमध्ये. आषाढात रोप संपलं तर नवं कुठून येणार? मग तरंगणारी रोपं आम्ही वेचली. ओंजळीत धरून धुतली, मुठी बांधल्या आणि चौदा माणसं खाचरात उतरली. तीन-चार काड्या घ्यायच्या, अंगठ्यानं चिखलात टेकवायच्या, खोल खुपसायच्या नाहीत. खोल गेलं की फुटवे कमी येतात. माझी पहिली ओळ मावशींनी सगळी उपटून पुन्हा लावायला लावली. अर्धं खाचर झालं तेव्हा पाठ वाकेना. त्या तिघांनी दिवसभरात किती वाकलं असेल ते तेव्हा कळलं. निघताना तिघांची त्या दिवसाची मजुरी त्यांनी घेतली. जास्तीचे परत केले.

नवव्या दिवशी एकटाच गेलो, गाडी टाकव्यातच ठेवून. अर्धगोल बांधावर आता नीट लिंपण होतं आणि कडेला गवत धरलं होतं. रोपं आधी पिवळी पडतात तशी पडून पुन्हा हिरवी झाली होती. आमच्या ओळी लांबूनच कळत होत्या, मध्ये मध्ये रिकाम्या जागा, म्हणजे नांगे, होते. मावशींनी बांधाच्या कडेला पाण्यात उभी ठेवलेली एक मूठ उचलून माझ्या हातात दिली.

"आलात का नांगे भरायला? पँट वर घ्या."