विमान सोळा तासांचं, मग मला उशीर का झाला?

अमळनेरात भेटेल ती बाई विचारते, "इमान त सोळा तासनं शे ना वं माय, मंग तुले उशीर कसा व्हयना?" न्यूयॉर्कला लेकीच्या पहिल्या बाळंतपणाला मी पोचले नाही, हे गावभर माहीत आहे. तुम्ही विचारलंत म्हणून एकदाच सगळं सांगते.

मुंबई ते न्यूयॉर्क साधारण साडेबारा हजार किलोमीटर. थेट विमानाला 15-16 तास. जाताना वारा समोरून असतो, म्हणून येण्यापेक्षा जायला जास्त वेळ लागतो. उन्हाळ्यात तिथलं घड्याळ आपल्यापेक्षा साडेनऊ तास मागे. रात्री एकला बसलं की तिथल्या सकाळी साडेसातला उतरतं. स्थळ आलं तेव्हा ह्यांना मीच समजावलं होतं, एका रात्रीचं तर अंतर! तेव्हा ते मला खरंच वाटत होतं, आणि घड्याळ बघितलं तर आजही ते खोटं नाही.

पण विमान काही अमळनेरहून उडत नाही. आधी जळगाव गाठायचं, मग जळगाव ते मुंबई रेल्वेने 420 किलोमीटर. जळगावहून मुंबईचं विमान 2017 साली सुरू झालं, मग बंद पडलं, पुन्हा सुरू झालं. मला हवं होतं तेव्हा ते बंद होतं, म्हणून "जळगावहून का नाही गेलीस" हे तरी आता विचारू नका.

जुलै होता. विमान मध्यरात्रीनंतरचं, म्हणून जळगावहून सकाळचीच गाडी धरली. नाशिकरोडपर्यंत सगळं वेळेवर. इगतपुरीला गाडी थांबली ती थांबलीच. कसारा घाटात रुळांवर दरड आली होती. पाऊस असा की समोरचा प्लॅटफॉर्म दिसेना. बाहेर येऊन टॅक्सी विचारली, तर रस्त्यानेही घाटात गाड्या अडकलेल्या. कोणी यायला तयार होईना. डिंकाच्या लाडवांचे डबे, बाळंतशोपा, बाळाच्या दुपट्यांची बॅग, सगळं घेऊन मी पुन्हा डब्यात येऊन बसले. संध्याकाळी लेकीचा फोन आला. तारखेला अजून वेळ होता, पण कळा सुरू झाल्या होत्या. "मम्मी, कुठे आहेस?" मी म्हटलं, इगतपुरीला. ती काही बोलली नाही. मग जावईबापूंनी फोन घेतला, "काळजी करू नका, मी आहे," म्हणाले. विमान उडालं त्या वेळी मी त्याच डब्यात होते. नात झाल्याचंही तिथेच कळलं. शेजारच्या बाईंनी माझ्याकडचाच लाडू मोडून माझ्या हातावर ठेवला.

नंतर मिळालं ते दोहामार्गे तिकीट. पोचले तेव्हा लेक घरी आली होती आणि स्वतःच्या हाताने चहा करत होती.

आधीच निघायचं होतं, असं नणंद म्हणते. पण घरी सासूबाई अंथरुणाला खिळलेल्या, त्यांना कुणाच्या भरवशावर सोडायचं होतं? तरीही, खरं सांगते, आठवडाभर आधी निघता आलं असतं का, हा हिशोब मी अजून करते. कधी जमतो, कधी नाही.

लेकीने एका शब्दाने बोल लावला नाही. ह्यांनीही नाही. आता धाकटीला मेलबर्नचं स्थळ आलंय. मुलाची आई फोनवर म्हणाली, मुंबईहून बारा-तेरा तासच तर लागतात. मी त्यांना विचारलं, पण अमळनेरहून?