मोंगल वाचन : मर्वचा आकडा आणि रॅव्हर्टीच्या तळटीपा

महिन्याभरात जुवैनी, म्हणजे तेराव्या शतकातल्या या फारसी इतिहासकाराचा मोंगलांवरचा ग्रंथ, संपवतो म्हणालो होतो, नाही संपला. बॉयलच्या १९५८ च्या इंग्रजी भाषांतराचा पहिला खंड झाला, दुसरा अर्ध्यावर पडलाय. कारण मध्येच त्याच काळातला दुसरा फारसी इतिहासकार जुझजानी उघडून बसलो.

शहरवार मृतांचा तक्ता करत होतो, तोही बंद केला. मध्य आशियातल्या मर्व शहरात मोंगलांनी १२२१ ला केलेल्या कत्तलीबद्दल जुवैनी लिहितो की, सय्यद इज्जुद्दीन नस्साबा आणि काही जणांनी तेरा दिवस-रात्र प्रेतं मोजली. नुसती उघड्यावरची १३ लाखांवर भरली. मी गणित मांडलं : जेवण-झोप न धरता तासाला चार हजारांहून जास्त! हेरातला तर जुझजानी २४ लाखांवर जातो. बखरी वाचणाऱ्यांना हे नवं नाही. म्हणून आकड्यांचा रकाना खोडून तिथे लिहिलं : ‘लेखक तेव्हा कुणाच्या पदरी होता?’

आणि मग मजा यायला लागली. जुवैनी मोंगलांचा नोकर, १२५६ ला चंगीझचा नातू हुलागू याच्याबरोबर इस्माइली पंथाच्या अलमूत किल्ल्यावर हजर. तिथलं ग्रंथालय पाहायची परवानगी मागितली, कुराणाच्या प्रती आणि खगोलाची उपकरणं बाजूला काढली, त्या पंथाचे ग्रंथ जाळले. हे सगळं तो स्वतःच सांगतो, तेही अभिमानाने. पण ज्याची खावी पोळी त्याची वाजवावी टाळी, एवढ्यावर त्याला निकालात काढता येत नाही. बुखाराहून निसटलेल्या माणसाचे शब्द त्यानेच जपलेत : आले, खणलं, जाळलं, मारलं, लुटलं, गेले. फारसीत ही नुसती सहा क्रियापदं आहेत.

जुझजानी मोंगलांच्या तडाख्यातून निसटून १२२७ ला सिंधेत आला, १२६० ला दिल्लीत बसून ग्रंथ पुरा केला. त्याला कुणाची भीती? चंगीझला सरळ ‘मलऊन’, म्हणजे शापित, म्हणतो. त्याचा इंग्रजी भाषांतरकार मेजर रॅव्हर्टी आपल्या मुंबई नेटिव्ह इन्फंट्रीतला. १८८१ च्या त्या छापील पानांवर कधी कधी मजकूर दोन ओळी आणि खाली तळटीपच तळटीप. त्यात इतर अभ्यासकांवर असा काही खेकसतो की, मूळ बाजूला ठेवून मी तेच वाचत राहतो.

पुढचा नंबर ‘मोंगलांचा गुप्त इतिहास’, म्हणजे मोंगलांनी स्वतःच लिहिलेला इतिहास. द राखेविल्त्झच्या भाषांतराची २०१५ ची आवृत्ती नेटवर फुकट आहे. सहज चाळताना ६६ व्या परिच्छेदाशी थांबलो. नऊ वर्षांच्या तेमुजिनला, म्हणजे पुढच्या चंगीझला, भावी सासऱ्याकडे ठेवून निघताना बाप बजावतो : पोरगा कुत्र्यांना घाबरतो, जरा जपा.