परदेशी शिकायला निघताना औषधांची पिशवी आधी भरा

व्हिसा हातात आला की सगळे कपड्यांच्या याद्या करायला बसतात. मला दमा आहे, त्यामुळे माझी यादी इनहेलरपासून सुरू होते. तो कायम हातातल्या बॅगेत. मोठी बॅग भलत्याच विमानतळावर उतरली तर रात्री धाप लागल्यावर काय करणार?

सोबत डॉक्टरांची टाइप केलेली चिठ्ठी हवी. तिच्यात ब्रँडपेक्षा औषधाचं मूळ नाव महत्त्वाचं, कारण ब्रँड देशागणिक बदलतात. मूळ नावंही कधीकधी चकवतात: दम्याच्या इनहेलरमधलं साल्ब्युटामॉल अमेरिकेत अल्ब्युटेरॉल म्हणून मिळतं. चिठ्ठीवर दोन्ही नावं लिहून घ्या. गोळ्या मूळ पाकिटातच राहू द्या, डबीत ओतून नेऊ नका. काही औषधं तर नेताच येत नाहीत. एडीएचडीवरची (लक्ष एकाग्र न होण्याच्या विकारावरची) अँफेटामिनची औषधं जपानमध्ये चिठ्ठी दाखवूनही चालत नाहीत. त्यामुळे जायच्या देशाचे नियम तिकीट काढण्याआधीच बघितलेले बरे.

लसी शेवटच्या महिन्यावर ढकलू नका. हिपॅटायटिस बीचे ३ डोस पुरे व्हायला साधारण ६ महिने जातात.

विम्याची पॉलिसी वाचणं म्हणजे शिक्षा आहे, मान्य. पण आधीपासूनचा आजार आणि मानसोपचार त्यात धरलेत का, एवढं तरी शोधाच. बहुतेकजण फक्त हप्ता बघतात.

बाकी किरकोळ. तातडीचा नंबर युरोपीय संघात ११२, अमेरिकेत ९११, ऑस्ट्रेलियात ०००. आजार आणि अॅलर्जी फोनच्या मेडिकल आयडीत भरून ठेवा. ती माहिती लॉक न उघडताही दिसते.