डोलीबरोबर चालणारा पाद्री

आमच्या दापोलीला जुनी माणसे आजही ‘कॅम्प’ म्हणतात. १८१८ मध्ये इंग्रजांनी येथे लष्करी छावणी वसवली आणि पुढे गावात लष्करी पेन्शनरांची वस्ती वाढली. सुभेदार रामजी सकपाळही निवृत्तीनंतर काही काळ कुटुंबासह येथे राहिले होते. अशा गावात पलटणीच्या गोष्टी ऐकतच मुले मोठी होतात. त्या गोष्टींत पाद्री मात्र क्वचितच येतो, म्हणून ओवेन स्पेन्सर वॉटकिन्स या ब्रिटिश सैन्यातल्या मेथडिस्ट (प्रोटेस्टंट ख्रिस्ती पंथाच्या) पाद्र्याविषयी लिहावेसे वाटले.

वॉटकिन्स मेथडिस्टांच्या वेस्लियन शाखेचे. ब्रिटिश सैन्यात या पंथाच्या शिपायांना स्वतःचे पाद्री मिळण्यासाठी दीर्घकाळ झगडावे लागले होते. १८९८ मध्ये सुदानमधील ओम्दुर्मानची लढाई संपल्यावर दोनच दिवसांनी, ४ सप्टेंबरला, खार्टुमच्या पडक्या राजवाड्यापाशी १८८५ मध्ये तेथेच मारले गेलेले ब्रिटिश सेनानी जनरल गॉर्डन यांच्या स्मरणार्थ प्रार्थना झाली. अँग्लिकन, कॅथलिक, प्रेस्बिटेरियन आणि मेथडिस्ट असे चार पंथांचे पाद्री तेथे एकत्र उभे राहिले, त्यांपैकी एक वॉटकिन्स होते. ज्या पंथाला सैन्यात आपली जागा मागून घ्यावी लागली, त्याचा माणूस त्या दिवशी बरोबरीच्या मानाने उभा होता, ही गोष्ट मला मोठी वाटते.

त्यानंतर दक्षिण आफ्रिकेतील लेडीस्मिथ. बोअर युद्धात या गावाला पडलेला वेढा ११८ दिवस चालला, आणि वॉटकिन्स त्यात अडकलेल्या ब्रिटिश फौजेबरोबर होते. तोफगोळ्यांपेक्षा विषमज्वर आणि हगवण यांनीच अधिक माणसे नेली, आणि गावाबाहेरची इंटोम्बीची रुग्णछावणी भरून वाहू लागली. वेढ्यात अडकलेल्या या फौजेबरोबर हिंदुस्थानातून गेलेले डोलीवालेही होते. गोळीबार चालू असताना जखमींना खांद्यावर वाहून आणणाऱ्या या माणसांची नावे इतिहासात फारशी नोंदली गेली नाहीत, याची खंत वाटल्यावाचून राहत नाही.

पहिल्या महायुद्धात, १९१४ मध्ये, बेल्जियममधील मॉन्सहून माघार घेताना वॉटकिन्स १४ व्या फील्ड ॲम्ब्युलन्स या लष्करी वैद्यकीय पथकाबरोबर होते. अशा पथकातील पाद्र्याचे काम प्रवचनापुरते नसते. जखमीला पाणी पाजायचे, डॉक्टर टाके घालत असताना कंदील धरायचा, ज्याचा हात निकामी झाला आहे त्याच्या वतीने आईला चार ओळी लिहायच्या, आणि मेलेल्याला पुरताना त्याचे नाव व पलटण नीट टिपून ठेवायची, म्हणजे घरच्यांना निदान जागा तरी कळते. ही शेवटची नोंद मला सर्वांत मोलाची वाटते, कारण मुलगा कोठे पडला हे न कळलेल्या घराचा शोक कधी संपत नाही.

आपल्या सैन्यातही पंडित, मौलवी, ग्रंथी आणि पाद्री असे धर्मगुरू जेसीओच्या (ज्युनियर कमिशन्ड ऑफिसरच्या) दर्जाने नेमले जातात, आणि त्यांचे प्रशिक्षण पुण्याच्या राष्ट्रीय एकात्मता संस्थेत होते. कोकणातून फौजेत जाणाऱ्या तरुणांनी या पदाचीही माहिती अवश्य करून घ्यावी.