कृपा फुकट, मग नोव्हेना कशाला?

२४ नोव्हेंबरला जुन्या गोव्यात सायबाची, म्हणजे संत फ्रान्सिस झेवियरची, नोव्हेना (सणाआधीची नऊ दिवसांची प्रार्थना) सुरू झाली की हिंदू शेजाऱ्यांचा एक प्रश्न हमखास येतो: तारण (पापांतून सुटका) फुकट मिळतं असं तुमचंच शास्त्र सांगतं, मग नऊ दिवसांची नोव्हेना, पायी येणं, उपास, कुमसार (पाद्रीसमोर पापांची कबुली), नवसाचे मेणाचे हातपाय हे सगळं कशाला? तुम्हीही विचारलंत, म्हणून जरा सविस्तर.

यातलं काहीही कृपा विकत घ्यायला नाही. बायबलमधल्या इफिसकरांस पत्राचा दुसरा अध्याय पाहा. ८ आणि ९ ही वचनं म्हणतात, तारण देवाचं दान आहे, कर्मांचं फळ नाही, म्हणून कोणी बढाई मारू नये. बरेच जण इथेच पुस्तक मिटतात. लगेच पुढचं १०वं वचन सांगतं, की आपल्याला घडवलंय तेच सत्कृत्यांसाठी. दान आधी, कर्म नंतर. तान्ह्या बाळाचा बाप्तिस्मा होतो तेव्हा त्याच्या खात्यावर कुठलं पुण्य असतं?

हा क्रम कुमसारात सगळ्यात स्वच्छ दिसतो, आणि गोंधळही तिथेच होतो. आधी मनाची झडती घ्यायची, पश्चात्ताप, पुन्हा न करण्याचा निश्चय. मग पाद्रीसमोर पाप बोलून दाखवायचं. तो प्रायश्चित्त सांगतो आणि लगेच क्षमा देतो; प्रायश्चित्त पार पाडायचं ते बहुधा त्यानंतर. ती क्षमेची किंमत असती तर आधी वसूल झाली असती. एखादं पाप खरोखर विसरलं तर कुमसार बिघडत नाही, पुढच्या वेळी सांगायचं. गंभीर पाप जाणूनबुजून लपवलं तर मात्र सगळंच व्यर्थ. आणि चोरलेली वस्तू परत करायची टाळून नुसत्या तीन 'नमो मारिया' प्रार्थना म्हणणाऱ्याने निश्चय केलाच नव्हता, असं मी म्हणेन. याकोबाच्या पत्रात कर्मांवाचून विश्वास मेलेला आहे म्हटलंय ते याच अर्थी.

तारण कृपेने की कर्मांनी, यावरून युरोप फुटला, हे खरं. पण कॅथलिक चर्चच्या ट्रेंटच्या धर्मसभेने १५४७मध्ये जर्मन धर्मसुधारक लुथरचं खंडन करताना पहिलाच नियम घातला तो असा: कृपेवाचून, स्वतःच्या कर्मांच्या बळावर माणूस देवापुढे नीतिमान ठरतो असं म्हणणारा बहिष्कृत. ३१ ऑक्टोबर १९९९ला आउग्सबुर्गमध्ये कॅथलिक आणि लुथरन मंडळींनी या विषयावरच्या संयुक्त घोषणेवर सह्या केल्या. सगळे मतभेद मिटले असं नाही, मुळाशी एकमत झालं.

मेणाच्या हातापायांचं काय? नवस चर्चला मान्य आहे. देवाला दिलेला शब्द पाळायलाच हवा. बिनसतं कुठे, तर 'एवढं मेण घे आणि पाय बरा कर' असा सौदा मनात असतो तिथे. पाय बरा झाला नाही की मग सायबावरच राग. ही खोड फक्त आमच्यातली आहे असं मात्र कोणी समजू नये.

पैशांचंही विचारता. कोणाच्या नावाने मीस (चर्चमधली मुख्य उपासना) सांगताना पैसे देतात, ते पाद्री आणि चर्चच्या निर्वाहाला हातभार म्हणून. कॅथलिक चर्चच्या १९८३च्या धर्मसंहितेचं ९४७वं कलम यात व्यापाराची नुसती छायासुद्धा नको म्हणतं, आणि ९४५वं कलम पाद्रींना आग्रहाने सांगतं की गरजूंसाठी पैसे न मिळताही मीस अर्पण करा. तेव्हा खिसा रिकामा असला तरी पाद्रींना खुशाल विचारा.