सात शिरांचे भेंडे आणि गवंतीचा टाका

सोमवार

सकाळी आधी गोगलगायी वेचल्या. मोठ्या शंखाच्या, तपकिरी पट्ट्यांच्या. पावसात त्या कुठून कुठून निघतात आणि कोवळे रोप एका रात्रीत संपवतात. मिठाचे पाणी बालदीत घेऊन, ऊन वर यायच्या आत अळूच्या पानांखाली बघत फिरायचे. धारवाडहून, ताईकडून आल्यापासून माझी सकाळ यातच जाते.

परसू पार बदलले आहे. ताईकडे निघाले तेव्हा हळदीला नुकते कोंब होते, आता पाने हातभर झाली आहेत. दोडकी माटव (मांडव) सोडून पेरूवर चढली. तांबड्या भाजीच्या वाफ्यात तायकिळा (टाकळा) माजलाय, तोही जून, भाजीच्या कामाचा नाही. उपटून माडाच्या आळ्यात टाकला. बाग कुणासाठी थांबत नाही. म्हणून परत आल्यावर गेलेला महिना भरून काढायची घाई करू नये, आज जे समोर उभे आहे तिथूनच हात घालावा, असे माझे ठाम मत आहे. दोडकी पेरूवरच राहू दे. तिथेही तिला छान कळ्या आल्यात.

खरा आनंद भेंड्यांचा झाला. शेजारच्या आंटी मागच्या दाराने आल्या आणि म्हणाल्या, "भेंडे जून जाले गो, हांवें बियांक दवरल्यात." (मी बियांसाठी ठेवलेत.) बाजारच्या नेहमीच्या भेंडीला पाच शिरा असतात, आपल्या या गोव्याच्या भेंड्याला सात, आणि लांबीही चांगली. त्याचे बी दरवर्षी आपणच धरायचे. भेंडीचे फूल स्वतःच्याच परागाने फळते खरे, पण मधमाश्या या फुलावरून त्या फुलावर जातात. शेजारी संकरित भेंडी असली तर बी मिसळते. म्हणून त्यांच्या आणि माझ्या परसात दुसरी भेंडी आम्ही लावतच नाही. एरवी बियांची शेंग झाडावरच वाळू द्यावी, पण श्रावणाच्या ओलीत ती कुजते. आंटींनी रंग पालटताच शेंगा कापल्या आणि चुलीवरच्या दोरीला टांगल्या. माझ्या माघारी माझे बी कुणी इतके जपावे, याचे मोल मला सांगता येत नाही.

बुधवार

भरतकामाची पेटी उघडली. पावसाळ्यात इथे सुयांना गंज चढायला वेळ लागत नाही. मी त्या फ्लॅनेलच्या तुकड्यात, मशीनच्या तेलाचा थेंब लावून ठेवते. सगळ्या लख्ख निघाल्या. अर्धवट राहिलेली अबोलीची वेल होती तशीच रिंगेत. कापडाला कोंदट वास होता, तो तासभराच्या उन्हाने गेला.

पण हात वेलीकडे वळेना. डोक्यात कसुती आहे, धारवाडकडचे भरतकाम. ताईच्या गल्लीतल्या अज्जींनी शिकवली. त्यांना मराठी येत नाही, मला कन्नड जेमतेम, तरी "ओंदु, एरडु, मूरु" (एक, दोन, तीन) एवढ्यावर आमचे सगळे चालले. कसुतीत कापडावर छाप नाही, पेन्सिल नाही. कापडाचे धागे मोजत जायचे. गाठही मारायची नाही. टाके चार: गवंती, मुर्गी, नेगी, मेंथी. गवंती मला सगळ्यात आवडली. जाताना एक घर भरायचे, एक सोडायचे. येताना सुटलेली घरे भरत यायचे. पुढून-मागून रेघ सारखी. फाटा फुटला की आधी तो पुरा करून मूळ रेघेवर यायचे, नाहीतर परतीची वाट सापडत नाही. अज्जी इरकली साडीवर भरतात. मी अजून मॅटीवर, म्हणजे धागे सहज मोजता येतील अशा जाड कापडावर आहे. दोऱ्याच्या सहा पदरांतले दोनच घेते.

वीज दुपारभर नव्हती. बाल्कांवात, दारापुढच्या ओट्यावर बसून एक ओळ गेले आणि आले. मोजणी एकदाही चुकली नाही.

रविवार

श्रावणातला आयतार. पत्री गोळा करायला सकाळी परसातच फिरले, बाहेर जावे लागले नाही. हळदीची पाने कापली, पातोळ्या वाफवल्या. गूळ-खोबऱ्याला त्या पानाचा जो वास लागतो, त्यासाठी तरी प्रत्येकाने चार हात जागेत हळद लावावी. आंटींकडे डबा पोचवला आणि बियांच्या शेंगा घरी आणल्या. अजून पुऱ्या वाळलेल्या नाहीत, हलवल्या तर आत खुळखुळत नाहीत.

दुपारी चौकटीच्या वहीत तुळशीवृंदावन मांडले. कसुतीत गोपुर, रथ, पालखी, हत्ती असतात, तसे वृंदावनही असते. पण ते तिकडचे. मला आमच्या अंगणातले हवे आहे, वर कमानीचा कोनाडा, खाली रुंद पायऱ्या. चवथीला (गणेश चतुर्थीला) चौरंगावर हे कापड घालायचा विचार आहे, आणि चवथ आता लांब नाही. कमानीचा बाक मुर्गीने जिन्यासारखा चढवत नेला तर जमेल. गवंतीने कमान फारच सरळ दिसते.

ताईला फोटो पाठवला, तिने तो अज्जींना दाखवला. संध्याकाळी निरोप आला: खालची पायरी दोन घरे रुंद घे, नाहीतर वृंदावन तोल गेल्यासारखे दिसेल. त्यांचे बरोबर आहे. उद्या वहीतच पायरी वाढवते, मग कापडाचा मध्य काढून सुई लावायची. काळा दोरा एकच लडी उरलाय, ८ मीटरची. फोंड्याला गेले की आणखी आणायचा, आणि तांबड्या भाजीचे बीसुद्धा.