धान निघालं, नाटक झालं, आता मोह पडून राहिलाय

दिवाळीनंतर इथं एक अक्षर लिहिलं नाही. मध्ये एका दोस्तानं मेसेज टाकला, भाऊ जिता आहेस ना, त्याला नुसता अंगठा पाठवला आणि परत कामाला लागलो. आता मार्च संपत आलाय, दुकानात दुपारी माशा सोडून कोणी येत नाही, म्हटलं बसावं.

तर सीझन होता. आमच्याकडं सीझन दोनच, एक रोवणीचा आणि एक नाटकाचा. भाऊबीज झाली की झाडीपट्टीत, म्हणजे भंडारा, गोंदिया, चंद्रपूर, गडचिरोली असा आमचा सगळा धानाचा पट्टा, नाटकं सुरू होतात ते थेट होळीपर्यंत. नाटक कंपन्यांची ऑफिसं गडचिरोली जिल्ह्यातल्या वडशाला, माझं दुकान लाखांदूर तालुक्यात, म्हणजे तसं जवळच, त्यामुळं ज्या मंडळानं वडशाला जाऊन नाटक बुक केलं ते येता येता माझ्याकडं पोस्टर टाकतं. एरवी मी झेरॉक्स, सातबाऱ्याची प्रिंट, लग्नपत्रिका यावर जगतो. नोव्हेंबर ते मार्च मी आर्टिस्ट असतो.

झाडीपट्टीचं पोस्टर ज्यानं बघितलं नाही त्याला सांगून समजणार नाही, तरी सांगतो. दीड-दोन डझन चेहरे, मुंबई-पुण्याहून आलेल्या नटीचा फोटो सगळ्यात मोठा, विनोदी नटाचा तोंड वाकडं केलेला, खलनायकाचा लाल, मंडळाचे अध्यक्ष कोपऱ्यात हात जोडून, आणि नाटकाच्या नावाखाली आग. आग पाहिजेच. एका मंडळाचं नाटक आई-मुलीचं, कुठंच आग लागत नाही, मी बिचारा नदी टाकली संध्याकाळची, तर म्हणे भाऊ हे तर दहाव्याचं बोर्ड वाटून राहिलं, आग टाक. टाकली. पैसे? "धानाचे आले की देतो." २०२४-२५ च्या हंगामात साध्या धानाचा हमीभाव २३०० रुपये क्विंटल होता, पण धान केंद्रावर मोजला जाणं वेगळं आणि पैसे खात्यात येणं वेगळं, माझे स्वतःचेच दीड महिन्यानं आले तर मी दुसऱ्याला काय बोलू. दोन मंडळांकडं अजून बाकी आहे. नावं लिहित नाही, दोन्हीकडं सोयरीक आहे.

फिरणं भरपूर झालं. फ्लेक्सच्या गुंडाळ्या गाडीला आडव्या बांधून आरमोरी, कुरखेडा, ब्रह्मपुरी, सिंदेवाही, अर्जुनी मोरगाव, असं आज इकडं उद्या तिकडं. जिथं शंकरपट, म्हणजे बैलजोड्यांची शर्यत, तिथं नाटक, हे आमचं जुनं गणित. दिवसा पटाच्या दाणीवर बैलजोड्या सुटतात, पाव्हणे गावभर, जावई आलेले, लेकी आलेल्या, मग रात्री झोपायला जागा कुठंय, सगळ्यांना नाटकालाच पाठवा. २०१४ च्या मे महिन्यात सुप्रीम कोर्टानं बैलांच्या शर्यती बंद केल्या तेव्हा बऱ्याच गावात पट थांबले आणि त्याच्यासंगं पाव्हणेपण कमी झाले, नाटकं मात्र चालू राहिली. डिसेंबर २०२१ ला अटी घालून परवानगी मिळाली, २०२३ ला पाच न्यायाधीशांच्या बेंचनं कायदा मान्य केला, आता परत पटाची गर्दी आहे. बैलांचं बरंवाईट यावर मी भांडत नाही, आमच्या घरीच दोन मतं आहेत, बाबा पटाला जातात आणि माय जात नाही.

रात्रीचं परत येणं हा वेगळाच विषय. नाटक सुरू होतं दहा-अकराला आणि सुटतं पहाटे, आणि रस्ता जंगलातून. वाघाची भीती तर लहानपणापासूनची, ब्रह्मपुरीकडं तर आता वाघ कुठं आहे असं नाही, कुठं नाही असं विचारतात. पण २०२१ च्या शेवटी छत्तीसगडकडून हत्तीचा कळप गडचिरोलीत शिरला तेव्हापासून निघायच्या आधी व्हाट्सअपवर हत्ती कुठं आहेत ते बघावं लागते. कुरखेड्याच्या एका गावाहून मी साडेचारला निघालो, दोन किलोमीटरवर बांधीत काहीतरी काळं मोठं उभं दिसलं, गाडी बंद केली, लाइट बंद केला, देवाचं नाव घेत पंधरा मिनिटं उभा. उजाडलं तर धानाचा पुंजना, म्हणजे कापलेल्या धानाचा रचलेला ढीग. हे मी घरी सांगितलं नव्हतं, आज इथं लिहून राहिलो म्हणजे बायकोला समजणारच.

कामाशिवाय दोनच ठिकाणी गेलो. जानेवारीत पवनीला, चुलतसासऱ्याच्या तेरवीला. जुना कोट, वैनगंगेचा घाट हे सगळे बघतात, पण गावाजवळच्या जगन्नाथ टेकडीत १९६९-७० ला खोदकाम करून बौद्ध स्तूप निघाला हे मला या वयात कळलं, तेही जेवायच्या पंगतीत बाजूला बसलेल्या रिटायर मास्तरकडून. तीस वर्षं त्या गावात जाऊन येऊन आहे, बापा!

आणि २६ फेब्रुवारीला महाशिवरात्रीला मार्कंड्याला. वैनगंगा तशी दक्षिणेला जाणारी, पण मार्कंड्याला ती वळून उत्तरेला वाहते, म्हणून त्या जागेचं महत्त्व. जत्रेत मी एक तास नुसता देवळाच्या भिंतीवरची शिल्पं बघत होतो, बायको आणि पोरगी आकाशपाळण्यात. त्या भिंतीवर एवढे चेहरे आहेत की मला एकदम आपलं पोस्टरच आठवलं, तिथंही कोणालाच लहान फोटो चालला नसेल. माझ्या या बोलण्यावर बायकोनं फक्त "चला" म्हटलं.

वाचन. हे खरं तर तणसावर, म्हणजे धानाच्या पेंढ्यावर बसून झालं. पोस्टर पोचवलं, पैसे मागितले, नाही मिळाले, मग नाटक सुरू होईपर्यंत तीन तास काय करायचं? तालुक्याच्या लायब्ररीतून लीळाचरित्र आणलं होतं. २०२४ च्या ऑक्टोबरात, ३ तारखेला, केंद्र सरकारनं मराठीला अभिजात दर्जा दिला तेव्हा सगळीकडं या ग्रंथाचं नाव येत होतं, म्हटलं आपल्याच विदर्भात, अमरावतीकडच्या रिद्धपूरला म्हाइंभटानं लिहिलेलं, तेराव्या शतकातलं, आणि आपण शाळेच्या एका धड्यापलीकडं बघितलं नाही. वाटलं होतं जड जाईल. पहिली चाळीस पानं गेलीच जड. पण लीळा, म्हणजे चक्रधर स्वामींच्या आठवणी, छोट्या छोट्या, काही तर चार-पाच ओळींच्या, कोण कुठं बसलं, काय खाल्लं, कोण रुसलं, स्वामी काय म्हणाले, संपलं. जनरेटरच्या आवाजात वाचायला याच्यापेक्षा बरं पुस्तक नाही, कारण मध्येच कोणी हाक मारली तरी धागा तुटत नाही. आणि त्यातला एक मोठा भक्त नीळभट्ट भांडारेकर, हा आपल्या भंडाऱ्याचा! हे मी चार जणांना सांगितलं, कोणाला काही वाटलं नाही.

दुसरं मोबाइलवर, १९०८ चं भंडारा जिल्ह्याचं इंग्रजी गॅझेटियर, रसेल साहेबाचं. माझं इंग्रजी लग्नपत्रिकेपुरतं, त्यामुळं डिक्शनरी घेऊन, आणि सगळं नाही, तलावांचंच. कारण मला नाटकासाठी पाहिजे होतं.

हो, नाटक. तेच सांगायचं होतं, बाकी सगळं रस्त्यातलं झालं.

आमच्या गावचं मंडळ दरवर्षी एक नाटक वडशाहून आणतं आणि एक हौशी करतं, गावातलेच पोट्टे, ट्रॅक्टरवाला, किराणावाला, एक आशाताई. या वर्षी अध्यक्ष म्हणाले तू एवढे पोस्टर करतो, एक नाटकच लिहून टाक. जसं काही फोटोशॉपमध्ये होते ते. पण मी हो म्हटलं. गोष्ट माझ्या डोक्यात होती, आमच्या गावच्या मामा तलावाची. बाहेरच्यांना सांगतो, मामा म्हणजे आईचा भाऊ नाही, माजी मालगुजारी, म्हणजे जुन्या जमीनदारांच्या ताब्यातला. कोहळी समाजाच्या लोकांनी आणि इतरांनी बांधलेले जुने तलाव, नवेगाव बांधचा एवढा मोठा तलाव पण कोलू पाटील कोहळीनं बांधला असं सांगतात. १९५० च्या कायद्यानं मालगुजारी गेली, तलाव सरकारचा झाला, आणि मग पाळ, म्हणजे तलावाचा मातीचा बांध, कोणी बुजवायची, गाळ कोणी काढायचा, गावानं का सरकारनं, हे भांडण सुरू झालं ते अजून चालू आहे. माझ्या नाटकात एक म्हातारा एकटाच दर उन्हाळ्यात पाळीवर माती टाकतो, त्याचे दोन पोरं हिस्से-वाटणीत भांडतात, आणि एका रात्री पाळ फुटते.

नाव ठेवलं 'पाळ फुटली'. पोस्टर अर्थातच मीच करणार. तालमीत ट्रॅक्टरवाला, जो म्हातारा करत होता, तो प्रत्येक वेळी "पार" म्हणायचा. मी म्हणायचो पाळ. तो म्हणायचा "हो ना, पार." आता झाडीबोलीत ळ नाहीच, डोळ्याचा डोरा, काळ्याचा कारा, तळ्याचा तरा, मीपण घरी तेच बोलतो, फक्त कीबोर्डवर बसलो की ळ येतो. तिसऱ्या दिवशी तो वैतागून म्हणाला, "भाऊ, हा बुढा आपल्या गावचा हाय का पुन्याचा?"

त्या रात्री मी झोपलो नाही. मी बघितलेल्या झाडीपट्टीच्या बहुतेक नाटकात हिरो, हिरोइन, बाप, पाटील, वकील सगळे पुस्तकातली मराठी बोलतात, आणि आपली बोली फक्त विनोदी नटाच्या तोंडी. ती बोलली की लोक हसतात. मी पण तेच केलं होतं, म्हाताऱ्याला पुस्तकी भाषा आणि गड्याला झाडी. आणि गंमत म्हणजे रोज संध्याकाळी तणसावर लीळाचरित्र वाचून, बघा बोलतात तसं लिहिलंय असं म्हणून मान हलवत होतो. दुसऱ्या दिवसापासून म्हाताऱ्याचे सगळे संवाद खोडून परत लिहिले. कठीण गेलं हो. स्वतःच्या मायची भाषा लिहायला कठीण जाते, एकेक वाक्य मोठ्यानं बोलून बघावं लागलं, बायकोला वाटलं फोनवर आहे. फेब्रुवारीत दिल्लीला ९८ वं साहित्य संमेलन चालू होतं, लोकसाहित्याच्या अभ्यासक तारा भवाळकर अध्यक्ष, आणि मी इकडं दुकानात "रायला" लिहावं का "राह्यला" यावर ट्रॅक्टरवाल्यासोबत भांडत होतो.

नावाचा घोळ शेवटपर्यंत. मी म्हटलं मग 'पार फुटली' करू. अध्यक्ष म्हणाले लोक वाचतील पूर्णच फुटली, काय फुटली, मडकं? मी म्हटलं तेही बरोबरच आहे, पार फुटलीच ना शेवटी. शेवटी 'पार फुटली' छापलं, आणि खाली आग. पाण्याचं नाटक आणि खाली आग, अध्यक्षांची अट.

८ मार्चला शनिवारी प्रयोग झाला. म्हातारा पहिल्यांदा आला, तोंड उघडलं, आणि सगळं पब्लिक हसलं. काहीच विनोद नव्हता. "तराची पार खचून रायली" एवढंच वाक्य. त्यांना वाटलं विनोदी नट आला. मी पडद्यामागं प्रॉम्प्टिंगला, माझे हातपाय गार. आणि ट्रॅक्टरवाला घाबरला, लोक हसून राहिले तर हसवू म्हणून चक्क कमरेवर हात ठेवून चालायला लागला, दोन वाक्यं घरची टाकली, शिट्ट्या. पहिला अंक पूर्ण फार्स झाला. मध्यंतरात मी त्याला काही बोललो नाही, चहा दिला. तोच म्हणाला, आता नाही करत. दुसऱ्या अंकात लोक आधी हसले, मग कमी हसले, मग रात्री दोनच्या सुमाराला पोरांच्या भांडणाच्या सीनमध्ये म्हातारा नुसता फावडं घेऊन उभा राहतो तिथं कोणीच हसलं नाही. गप्प होते का झोपले होते ते सांगता येत नाही, मागचे काही झोपले होतेच, मला घोरणं ऐकू येत होतं. पाळ फुटायचा सीन मात्र जमला, निळं कापड, मागून दोन ड्रम पाणी, ऑक्टोपॅडवाल्यानं जीव तोडून वाजवलं, पुढच्या खुर्च्यांवर पाणी उडालं आणि सरपंच भिजले.

घरी आलो, पहाटेचे पाच. माय चुलीजवळ बसली होती, ती पण नाटकाहून आलेली. मी वाट बघत होतो काहीतरी म्हणेल. चहा दिला, मग म्हणते, "पार तशी नाई फुटत."

म्हटलं म्हणजे?

"धाडकन नाई फुटत. आंधी खेकडे भोकं पाडतेत. मंग पानी झिरपते, लहान्या धारेवानी. चार दिवस दिसते ते, पाहनाऱ्याले. तुया बुढा रोज पारीवर जाते तं त्याले कसं नाई दिसलं?"

गॅझेटियर वाचलं, डिक्शनरी घेऊन वाचलं, खेकडा नव्हता त्यात, निदान मी वाचलेल्या पानांत तरी. आणि प्रश्न बरोबर आहे, त्याला दिसलंच असणार. मग त्यानं कोणाला सांगितलं का? सांगितलं असेल तर कोणी ऐकलं नाही? का दिसूनही तो चूप राहिला, पोरांवर रागावून? या तिसऱ्यामुळं दोन आठवडे झाले माझं डोकं गरम आहे. चार पानं लिहिली, तीन फाडली. पुढच्या सीझनला एक शेजारचं गाव नाटक मागून राहिलं, अध्यक्षांनी मला न विचारता हो म्हणून टाकलंय.

सध्या पहाटे मोहाची फुलं वेचायला जातो मायसोबत, झाडं तलावाच्या त्या बाजूलाच आहेत. काल टोपली खाली ठेवून तिनं पाळीवर एक जागा दाखवली, बोट आत जाईल एवढं भोक, कडेला ओली माती. मी फोटो काढला. ती म्हणाली फोटो कायले काढतं, माती आन.